पृथ्वीला चक्कर येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

या वहीत फक्त निरीक्षणं लिहायची. भावनांना एकक नसतं, त्यामुळे त्यांची नोंद करता येत नाही.

निरीक्षण पहिलं : टिचकीने मला पृथ्वी केलं आहे.

टिचकी म्हणजे ताईची मुलगी, चौथीत आहे. तिच्या शाळेत पालकांचा शनिवार असतो. त्या दिवशी चौथीची मुलं मैदानावर सूर्यमाला मांडतात आणि ग्रह म्हणून घरची मोठी माणसं आणतात. मुलांनी हुकूम सोडायचे, मोठ्यांनी गोल गोल फिरायचं. टिचकी स्वतः सूर्य आहे, कारण सूर्याला जागचं हलावं लागत नाही. भावजी गुरू. त्यांच्या पोटाकडे पाहून निवड बिनविरोध झाली. ताईने बसून करता येईल असा ग्रह मागितला. तसा नाही म्हटल्यावर तिने शनी घेतला, तो निदान रेंगाळतो.

आणि चंद्र चष्मेवाले. हे ताईचे धाकटे दीर. बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या सहा वर्षांत आमचं संभाषण "वहिनी आहेत का?" आणि "आहे" यापलीकडे गेलेलं नाही. मला त्यात काही कमी वाटलेलं नाही. ते स्वतः निळ्या काड्यांचा चष्मा लावतात. हसले की तो नाकावरून घसरतो, मग ते करंगळीने वर सारतात. हे मी मुद्दाम पाहिलेलं नाही. दिसलं.

निर्णय : आठवड्यातून एक तास. एक मिनिट जास्त नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला सराव, शाळेच्या मैदानावर.

पृथ्वी एका वर्षात तीनशे पासष्ट वेळा स्वतःभोवती फिरते, तेव्हा मीही एका फेरीत तितक्याच गिरक्या घ्याव्यात, असं माझं मत होतं. टिचकी म्हणाली, मावशी, तोवर शाळा सुटेल. बाराच घे. मी लेखी हरकत नोंदवणार होते, पण सूर्यापुढे कोणाचं चालतं! माझा आस मात्र साडेतेवीस अंशांनी कललेला ठेवला. कोनमापकाने पाहून घेतलं. वर्गाच्या बाई जवळ आल्या आणि काळजीने विचारून गेल्या, कंबर धरली आहे का?

खरी अडचण चंद्राची. चष्मेवाले माझ्याभोवती फिरताना ढग बघत होते, नळावर भांडणारी पोरं बघत होते, स्वतःच्या चपला बघत होते. मी थांबवलं. सांगितलं की चंद्राची एकच बाजू कायम पृथ्वीकडे असते, तेव्हा तोंड सतत माझ्याकडे हवं. ते म्हणाले, म्हणजे चंद्र स्वतःभोवती फिरतच नाही म्हणा की. हाच सर्वसाधारण गैरसमज आहे. मी त्यांना माझ्याकडे तोंड ठेवून एक पूर्ण फेरी मारायला लावली आणि दर चार पावलांनी विचारलं, आता पाठ कुठे आहे? फाटकाकडे. आता? नळाकडे. आता? शाळेकडे. आता? रस्त्याकडे. पाठ चारी दिशांना जाऊन आली म्हणजे तुम्ही स्वतःभोवती एकदा फिरलात. ते जागीच उभे राहिले आणि ओरडले, "अरे, हो की हो!" चष्मा घसरला. करंगळी.

स्पष्ट सूचना दिली : इथून पुढे नजर माझ्यावरून हलवायची नाही.

ते म्हणाले, जशी आज्ञा, मिलिग्रॅम. मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हे नाव. ते मला आवडलेलं नाही. घरी परत येताना दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं, तरीही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खोलीत गिरक्यांचा सराव. सातव्या गिरकीला कपाट डावीकडे होतं, आठव्या गिरकीला ते माझ्या अंगावर आलं. ताईने खालून ओरडून विचारलं की काय पडलं. मी म्हटलं, काही नाही. टिचकीने ओरडून सांगितलं, पृथ्वी पडली.

मग तिनेच विचारलं की खरी पृथ्वी एवढी भोवंडते, तर तिच्यावरच्या आपल्याला चक्कर का येत नाही. उत्तर सोपं आहे. वेग एकसारखा असेल तर फिरणं जाणवत नाही. बदलला तरच जाणवतं. टिचकीने माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं आणि म्हणाली, मग तू एकसारखी फिर ना.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा सराव. चष्मेवाल्यांनी संपूर्ण वेळ माझ्याकडे पाहिलं. पापणीसुद्धा क्वचित लवली.

नाडी मोजली. एकशे अठरा. जिना चढल्यामुळे. (सराव मैदानावर होता. पण सकाळी ऑफिसात चढले होते.)

११ फेब्रुवारी, मंगळवार

आता लिहिणं भाग आहे. उपलब्ध निरीक्षणांवरून निष्कर्ष निघतो तो असा : चष्मेवाल्यांचं माझ्यावर मन बसलं आहे.

मी घाईने अनुमान काढत नाही. पर्यायी कारणं तपासली. एक, माझ्या चेहऱ्याला काही लागलं असावं. आरशात पाहिलं, नाही. दोन, ते माझ्या मागच्या कोणाकडे तरी बघत असावेत. मी फिरते आहे, माझी मागची बाजू क्षणाक्षणाला बदलते. अशक्य. तीन, मी तशी सूचना दिली होती. दिली होती हे खरं. पण सूचना भावजींनाही मिळतात. ते ऐकतात का? शनिवारी गुरू कक्षा सोडून वेफर्स आणायला गेला. सूचना माणूस तेव्हाच पाळतो, जेव्हा त्याला मनातून तसंच करायचं असतं. तिसरं कारण बाद.

बिचारे. त्यांना दुखवायचं नाही. ते बोलतील तेव्हा सभ्य शब्दांत नकार द्यायचा. मसुदा तयार केला : "तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझ्या आयुष्यात सध्या याला जागा नाही." मोठ्याने वाचून पाहिलं. "सध्या" हा शब्द ठळक वाचला जातो आहे. सुधारावं लागेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ताईने विचारलं, सरावाला नवा ड्रेस कशाला? म्हटलं, पृथ्वीवर सत्तर टक्के पाणी आहे, निळा रंग आवश्यक आहे. ती म्हणाली, आणि कानातले? ते उरलेले तीस टक्के, असं मी म्हटलं. ताई हसली. विज्ञानाचा आणि तिचा संबंध शाळेतच तुटला.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी

टिचकीला तारे दाखवायला चष्मेवाले आणि मी तिला घेऊन गच्चीवर गेलो. माझी तयारी पूर्ण होती. तारे दिवसाही असतात, सूर्याच्या उजेडात दिसत नाहीत एवढंच. तारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतात, कारण आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत. फक्त ध्रुवतारा जागा सोडत नाही, कारण आपला आस त्याच्याकडे रोखलेला आहे.

मी ध्रुवताऱ्याकडे बोट केलं. आज धुळीमुळे तो किंचित तांबूस दिसत होता. टिचकी म्हणाली, पण मावशी, तो तर... चष्मेवाल्यांनी तिला हलकेच अडवलं. म्हणाले, असू दे गं. आणि आकाश सोडून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बराच वेळ. मान तिरपी करून.

मला वादात हरू द्यायचं नाही, इतकी ओढ! मी टिचकीला गुरुत्वाकर्षण समजावायला घेतलं. जिला वस्तुमान आहे अशी प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला आपल्याकडे खेचते, आणि अंतर निम्मं झालं तर हे खेचणं चौपट होतं. चष्मेवाले सरकून जवळ आले. मी आकडेमोड तिथेच सोडली.

मसुद्यात दुरुस्ती : "विचार करायला थोडा अवधी द्या."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जादा सराव. (एका तासाची मर्यादा मी गेल्या आठवड्यात शिथिल केली. मुलांच्या हितासाठी.) चष्मेवाले आलेच नाहीत. मला काही फरक पडला नाही. चंद्राच्या जागी टिचकीने पालथी बादली ठेवली. बादलीचं तोंड माझ्याकडे नव्हतं, हे मी फक्त तांत्रिक मुद्दा म्हणून चारदा सांगितलं.

मग ते फाटकाशी दिसले. स्थिर उभे, माझ्या दिशेला वळलेले. मी हात केला. मोकळेपणाने हसलेसुद्धा. जवळ गेल्यावर लक्षात आलं की शिपायाचा सदरा खिळ्याला टांगला आहे. उजेड कमी होता. सदऱ्याची ठेवणही तशीच होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसात पाच किलोचं प्रमाण वजन काट्यावर ठेवलं आणि वजन शून्य भरलं. वीस मिनिटं काट्यातला दोष शोधला. वजन टेबलावरच होतं. साहेब म्हणाले, तुम्हाला बरं वाटत नसेल तर रजा घ्या. मी सांगितलं की हवेत दमटपणा आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आले! दुकानाचा माल आणायला बाहेरगावी गेले होते. मी कारण विचारलं नव्हतं, ताईला विचारायला लावलं होतं.

आजची निरीक्षणं महत्त्वाची आहेत. एक : नजर नेहमीपेक्षा खोल, कपाळावर आठी. दोन : आठव्या गिरकीला ते कक्षा सोडून अगदी जवळ आले. तीन : पाणी पिताना त्यांनी हळूच विचारलं, तुमचं डोकं दुखतं का हो अधूनमधून? चार (हे लिहिताना हात स्थिर नाही, पेन खराब आहे) : रात्री अंथरुणात पडून वाचायची सवय आहे का?

अंथरुणात!

प्रश्न खासगी होता. मी उत्तर द्यायला नको होतं. मी म्हटलं, आहे, कुशीवर. ते म्हणाले, वाटलंच मला. म्हणजे ते माझी कल्पना करत होते. आणि अचूक करत होते.

आज जेवताना भाजीत मीठ नव्हतं, असं सगळे म्हणाले. मला कळलं नाही. मला भाजी होती हेही कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

अंतिम मसुदा. "मला कल्पना आहे. मी नाही म्हणणार नाही." दोनच वाक्यं, काही संदिग्ध नाही. होकार म्हणायला हरकत नाही, पण भावनेच्या भरात दिलेला नव्हे. सर्व माहिती तपासून दिलेला.

ते पालकांच्या शनिवारीच बोलणार, हे निश्चित. त्यानंतर सराव नाही, मग भेटायला निमित्त नाही. शनिवारी बोलले नाहीत तर पुन्हा "वहिनी आहेत का?" आणि "आहे". पुढची सहा वर्षं. हे मी काळजीने लिहीत नाही, फक्त शक्यता मांडते आहे.

१ मार्च, शनिवार

क्रमाने लिहिते.

मैदान पालकांनी भरलेलं. टिचकी पिवळा टॉवेल पांघरून स्टुलावर उभी राहिली आणि "फिरा!" म्हणून गरजली. फिरलो. पहिल्या पाच गिरक्या आदर्श होत्या. चंद्राची नजर माझ्यावर, माझी त्याच्यावर, दर गिरकीला क्षणभर आम्ही समोरासमोर येत होतो, फाटक, चंद्र, नळ, चंद्र, शाळा, चंद्र. सहाव्या गिरकीला दोन चंद्र होते. ते मंगळाला शोभलं असतं. नवव्या गिरकीला माझा आस साडेतेवीसवरून साधारण पन्नास अंशांवर गेला. सूर्य ओरडला, पृथ्वी, कक्षेत ये! पृथ्वी गुरूच्या पोटावर आदळली, तिथून उसळून शनीकडे गेली, शनी "अगं बाई" म्हणत बाजूला झाला आणि चंद्राने मला दोन्ही कोपरांना धरून उभं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो अवकाशातला एखादा अपघात वाटला असावा.

चष्मेवाल्यांनी मला नळापाशी नेलं, तोंडावर पाणी मारायला लावलं. मग घसा खाकरून म्हणाले की एक बोलायचं आहे. तीन आठवडे मनात आहे. सांगू की नको, कळत नव्हतं, कारण असं तोंडावर सांगितलं की माणसं रागावतात.

मी मान ताठ केली. म्हटलं, "मला कल्पना आहे. मी नाही म्हणणार नाही."

त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, सुटलो बुवा. बहुतेकजण आधी नाहीच म्हणतात. मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुमचा उजवा डोळा."

मी थांबले. कौतुक डोळ्यांपासून सुरू करायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. फक्त उजव्यापासून का, ते कळेना.

"त्याला नंबर आहे. चांगला तीन तरी असेल. डाव्यालाही थोडा आहे. तुम्ही लांबचं बघताना उजवा बारीक करता, मान वाकडी करता. पहिल्या आठवड्यात मला शंका आली. त्या दिवशी गच्चीवर तुम्ही ध्रुवतारा म्हणून टॉवरचा लाल दिवा दाखवलात, तेव्हा खात्रीच झाली. टिचकीसमोर बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मी आभार मानले. नाडी मोजली नाही.

२ मार्च, रविवार

मला पहिल्यापासून हाच अंदाज होता. ११ फेब्रुवारीची नोंद प्राथमिक स्वरूपाची होती. शास्त्रात असं चालतं.

टिचकीने विचारलं, काकाने तुला काय सांगितलं? म्हटलं, डोळे तपासून घ्या म्हणाले. ती म्हणाली, एवढंच? मग तू उशीत तोंड घालून काय करते आहेस?

डोळ्यांना विश्रांती देते आहे.

निर्णय : त्यांच्या दुकानात जायचं नाही. शहरात चष्म्याची इतर पुष्कळ दुकानं आहेत.

५ मार्च, बुधवार

त्यांच्या दुकानात गेले. इतर दुकानं लांब आहेत. (मोजलं नाही.)

अंधारी खोली. नाकावर जड गोल फ्रेम, तिच्यात ते एकेक भिंग घालून विचारतात, हे बरं की हे? मी म्हटलं, हे. पुन्हा, हे बरं की हे? मी म्हटलं, हेही. इतक्या जवळून आणि इतक्या मायेने माझं मत कोणी लागोपाठ एवढ्या वेळा विचारलेलं नाही. शेवटी ते म्हणाले, मिलिग्रॅम, तुम्ही मला खूश करायला "हे" म्हणताय, की खरंच दिसतंय? जरा प्रामाणिकपणे सांगा.

शेवटची ओळ दिसत नव्हती. त्यांचा शर्ट दिसत होता, वरून दुसरं बटण सैल आहे.

८ मार्च, शनिवार

चष्मा मिळाला. काड्या निळ्या. योगायोग आहे, तोच रंग उरला होता. (इतर अकरा रंग मला शोभले नसते.)

त्यांनी स्वतः तो माझ्या नाकावर चढवला आणि कानामागे काडी नीट बसते का ते बोटाने चाचपलं. दुकान फिरलं. आधी सावकाश, मग भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा रांगेने डावीकडून उजवीकडे निघाल्या. मी काउंटर धरलं. हे मैदान नव्हतं, मी एकही गिरकी घेतलेली नव्हती, खुर्चीत बसले होते. तसं स्पष्ट सांगितलं.

ते म्हणाले, नवा नंबर आहे, पहिले तीन-चार दिवस होतं असं. सगळ्यांनाच होतं.

सगळ्यांनाच!

१२ मार्च, बुधवार

चौथा दिवस होऊन गेला. चक्कर थांबलेली नाही. चष्म्यात दोष आहे, दुसरं काही नाही. तक्रार करायला गेले. टिचकी बरोबर होती. वाटेत तिने विचारलं, मावशी, घरी असताना येते का चक्कर? नाही. शाळेच्या रस्त्याला? नाही. मग? मी म्हटलं, इतक्या थोड्या माहितीवरून निष्कर्ष काढू नये.

चष्मेवाल्यांनी भिंगं काढली, पुन्हा मोजली, काड्या सरळ केल्या, मला चष्मा घातला आणि वाकून डोळ्यांत पाहिलं. आता? मी म्हटलं, आता जास्त आहे.

ते गंभीर झाले. खूप वेळ विचार करून म्हणाले की चष्मा एकदम बरोबर आहे, याउपर माझ्या हातात काही नाही. शरीराचा तोल कानात असतो, कान दाखवून घ्या. कार्डाच्या मागे डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. म्हणाले, या चांगल्या आहेत, मुळाशी जातात.

त्यांचं अक्षर गोल आहे.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

कानाच्या डॉक्टर निघाल्या साठीच्या बाई. आवाज खणखणीत, कदाचित कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलून बोलून. त्यांनी दोन्ही कान तपासले, डोळे मिटून सरळ रेषेत चालायला लावलं, खुर्चीत बसवून गरकन फिरवलं. म्हणाल्या, कान ठणठणीत. चक्कर नेमकी कधी येते?

मी अचूक उत्तर दिलं. सकाळी नाही. ऑफिसात नाही. जिन्यात नाही. चष्म्याच्या दुकानात येते, बाहेर पडल्यावर कोपऱ्यापर्यंत टिकते.

दिवे फार प्रखर आहेत का तिथे? नाही. कोंदट आहे? नाही. काउंटरमागे कोण असतं? मी सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता, पण डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाल्या, मग बाळ, कान दाखवायला कशाला आलीस? कोणी पाठवलं तुला इथे?

म्हटलं, त्यांनीच.

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अरेरे."